औषधाचे वाहन आणि रुग्णाचे मूत्रपिंड : सायक्लोडेक्स्ट्रिन या यजमान रेणूच्या वैद्यकीय वापराचा इतिहास
(विशेष संदर्भ : कोल्हापूर, २०२१)

सारांश :

पाण्यात न विरघळणारी औषधे रुग्णाच्या शरीरात पोहोचविण्यासाठी वलयाकार ‘यजमान’ रेणूंचा वापर केला जातो. सायक्लोडेक्स्ट्रिन हा त्यांतील सर्वाधिक वापरात असलेला गट होय. २०२०-२१ च्या कोविड साथीत रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनवाटे या गटातील एक रेणू महाराष्ट्रातील असंख्य रुग्णांच्या शिरेत गेला; मात्र त्याची चर्चा फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखात १८९१ ते २०२३ या काळातील सदर रेणूंच्या सुरक्षिततेचा व औषधगतिकीचा इतिहास मांडला आहे. वाहकाची सुरक्षितता त्याच्या कुळावरून ठरत नाही. ती रेणूची रचना, देण्याचा मार्ग, मात्रा आणि रुग्णाच्या मूत्रपिंडाची स्थिती यांवरून ठरते, हे या इतिहासातून दिसून येते.

बीजशब्द : सायक्लोडेक्स्ट्रिन, यजमान रेणू, औषधगतिकी, मूत्रपिंड, रेमडेसिव्हिर, कोल्हापूर.

प्रस्तावना :

२०२१ च्या जून-जुलै महिन्यांत राज्याच्या बहुतेक भागांत कोविडची दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांत रुग्णसंख्या चढीच राहिली होती. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीपीआर’, हे त्या काळात जिल्ह्यातील कोविड उपचारांचे प्रमुख केंद्र होते. त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी नातेवाइकांची झालेली धावाधाव महाराष्ट्राच्या स्मरणात अद्याप ताजी आहे. ११ एप्रिल २०२१ रोजी केंद्र शासनाने या औषधाच्या निर्यातीवर बंदी घातली. कुपी मिळाली की नाही, ती कोणत्या दराने मिळाली आणि ती खरी होती की बनावट, हेच त्या काळातील प्रश्न होते.

त्या कुपीत औषधाखेरीज आणखी काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. मूळ उत्पादनाच्या माहितीपत्रकानुसार भुकटीच्या प्रत्येक कुपीत १०० मिलिग्रॅम रेमडेसिव्हिर आणि ३ ग्रॅम ‘बीटाडेक्स सल्फोब्युटिल ईथर सोडियम’ असते. म्हणजे औषधाच्या ३० पट वजनाचे वाहक द्रव्य रुग्णाच्या शिरेत जाते. पहिल्या दिवशी दोन आणि नंतर रोज एक अशा पाच दिवसांच्या उपचारात सहा कुप्या लागतात. त्यांतून ६०० मिलिग्रॅम औषध आणि १८ ग्रॅम वाहक शरीरात जाते. हे द्रव्य म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन या यजमान रेणूचे एक सुधारित रूप होय. ते शरीरात कोठे जाते, किती काळ राहते आणि कोणास अपाय करू शकते, हे ज्ञान एका दिवसात मिळालेले नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

उद्दिष्टे :

१) सायक्लोडेक्स्ट्रिन रेणूंच्या शोधाचा व वैद्यकीय वापराचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) त्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या, हे तपासणे.
३) २०२०-२१ मधील महाराष्ट्राच्या, विशेषतः कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

वाहक द्रव्याचा प्रश्न :

औषध रक्तात पोहोचावयाचे तर ते आधी विरघळावे लागते. परंतु अनेक परिणामकारक औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. अशा औषधांसाठी योग्य वाहन शोधणे ही औषधनिर्माणशास्त्रातील जुनी अडचण आहे आणि वाहन चुकल्यास काय घडते याचे दाखलेही उपलब्ध आहेत. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉल या द्रवात विरघळवून विकण्यात आले. औषध उपयुक्त होते. द्रव विषारी होता. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करण्याची अट घालणारा कायदा १९३८ साली तेथे झाला.

हेच विष महाराष्ट्रातही आले. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी करून औषध खरेदी, तपासणी व प्रशासन या साऱ्या साखळीवर ताशेरे ओढले. दोन्ही घटनांत आघात झाला तो प्रामुख्याने मूत्रपिंडांवर. जे. जे. प्रकरण भेसळीचे होते, यजमान रेणूंचे नव्हे. हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तथापि बाटलीतील जो घटक ‘औषध’ म्हणून गणला जात नाही तोही रुग्णाचे भवितव्य ठरवू शकतो, हा धडा दोहोंत समान आहे.

पिष्टापासून वलयापर्यंत :

१८९१ साली व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञास पिष्टावर जीवाणूंची क्रिया घडवीत असता अल्प प्रमाणात स्फटिकरूप पदार्थ मिळाला. १००० ग्रॅम पिष्टापासून सुमारे ३ ग्रॅम, इतकेच त्याचे प्रमाण होते. १९०३ नंतर ऑस्ट्रियातील फ्रान्झ शार्डिंगर यांनी अन्न नासविणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करताना असेच स्फटिक पाहिले आणि त्यांतील दोन प्रकार वेगळे केले. १९३० च्या दशकात जर्मनीत कार्ल फ्रॉयडेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रेणू वलयाकार असल्याचे दाखविले.

ज्या जिल्ह्याचे अर्थकारण ऊस, गूळ आणि साखर यांवर उभे आहे तेथील वाचकास या रेणूची घडण समजणे अवघड नाही. ग्लुकोजचे घटक एकमेकांस जोडून सरळ साखळीऐवजी कडे तयार झाले, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन झाले. सहा घटकांचे अल्फा, सात घटकांचे बीटा आणि आठ घटकांचे गॅमा. या कड्याचा आकार बूड नसलेल्या बादलीसारखा असतो. बादलीची बाहेरील बाजू पाण्याशी जुळवून घेते, आतील पोकळी मात्र पाण्यापेक्षा तेलकट पदार्थांना अधिक अनुकूल असते. म्हणून पाण्यात न विरघळणारा ‘अतिथी’ रेणू या पोकळीत शिरतो आणि ‘यजमाना’बरोबर पाण्यात वावरू लागतो. दोहोंत कायमचा रासायनिक बंध नसतो. द्रावण रक्तात जाऊन विरळ झाले की अतिथी बाहेर पडतो आणि आपल्या मार्गाने जातो. यजमानाचा प्रवास तेथून स्वतंत्र होतो. औषधाची औषधगतिकी आणि वाहकाची औषधगतिकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रस्तुत विषयाचे मर्म होय.

१९५३ साली फ्रॉयडेनबर्ग, क्रेमर आणि प्लिनिंगर यांनी औषधनिर्मितीतील या गुणधर्माच्या वापरासाठी जर्मनीत एकस्व मिळविले.

एका नोंदीने झालेला विलंब :

यानंतर सदर रेणूंचा वापर वेगाने वाढावयास हवा होता. तसे झाले नाही. १९५७ साली डेक्स्टर फ्रेंच या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात एक निरीक्षण नोंदविले गेले : बीटा प्रकार खाऊ घातलेले उंदीर आठवड्याभरात मरण पावले. हे निरीक्षण मुळात स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेले नव्हते आणि प्रयोगाचा तपशीलही त्रोटक होता. तरीही ‘सायक्लोडेक्स्ट्रिन विषारी’ हा समज बराच काळ टिकला. पुढे हंगेरीचे योझेफ सेयत्ली यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न पुन्हा तपासला. शुद्धीकरणात वापरलेल्या सेंद्रिय द्रावकाचा अंश त्या नमुन्यात उरला असावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले. शुद्ध द्रव्यावरील पुढील चाचण्यांत तोंडावाटे दिलेले सायक्लोडेक्स्ट्रिन बव्हंशी निरुपद्रवी ठरले.

त्याचे कारण औषधगतिकीत आहे. तोंडावाटे घेतलेले अल्फा व बीटा प्रकार आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जातात. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे विघटन करतात. गॅमा प्रकार तर लहान आतड्यातच पचतो. अन्नातील बीटा प्रकारासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दररोज ५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. अल्फा व गॅमा यांना अशी आकड्यातील मर्यादा आवश्यक मानली गेली नाही. १९७६ साली जपानमध्ये प्रोस्टाग्लँडिन आणि बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यांची जिभेखाली ठेवावयाची गोळी बाजारात आली. या गटाच्या आधारे तयार झालेले ते पहिले औषध होय.

शिरेचा मार्ग आणि मूत्रपिंड :

योगायोग असा की, त्याच १९७६ साली या इतिहासाची दुसरी बाजू समोर आली. फ्रँक, ग्रे आणि वीव्हर या संशोधकांनी उंदरांस अल्फा व बीटा प्रकारांची इंजेक्शने दिली. त्यांच्या मूत्रपिंडांच्या नलिकांतील पेशींत पोकळ्या निर्माण झाल्याचे व सुईसारखे स्फटिक साचल्याचे त्यांना आढळले. जो पदार्थ तोंडावाटे बव्हंशी निरुपद्रवी तोच इंजेक्शनद्वारे मूत्रपिंडास घातक ठरला. मार्ग बदलताच निष्कर्ष बदलला.

यामागे दोन कारणे होती. एक, रक्तात गेलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचे शरीरात फारसे विघटन होत नाही. ते मूत्रपिंडातून गाळले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते. दोन, बीटा प्रकार पाण्यात अल्प विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात अल्फा सुमारे १४५ ग्रॅम व गॅमा सुमारे २३२ ग्रॅम विरघळतो. बीटा मात्र केवळ १८.५ ग्रॅम. मूत्रपिंडात पाणी शोषले जाऊन द्रव्याची तीव्रता वाढली की ते साचू लागते. शिवाय पोकळीतून औषध बाहेर पडल्यावर ती जागा रिकामीच राहील असे नाही; पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल तीत ओढले जाऊ शकते. तीव्र द्रावणात तांबड्या रक्तपेशी फुटतात त्याही यामुळेच.

या निष्कर्षामुळे संशोधकांनी हा रेणू टाकून दिला नाही. १९८० च्या दशकात बीटा वलयास हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडण्यात आले. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात व्हॅलेंटिनो स्टेला व रॉजर राजेव्स्की यांनी सल्फोब्युटिल ईथर गट जोडून नवे रूप तयार केले. दोन्ही रूपे पाण्यात विपुल विरघळतात आणि मूत्रपिंडातून सहज बाहेर पडतात. इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकासाठी पहिले, तर २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्होरिकोनॅझोलच्या इंजेक्शनसाठी दुसरे रूप वापरले गेले. व्होरिकोनॅझोलच्या २०० मिलिग्रॅमच्या कुपीत ३२०० मिलिग्रॅम वाहक असतो.

सुधारित रूपांमुळेही मूत्रपिंडाचा प्रश्न पूर्णतः संपला नाही. निरोगी व्यक्तीच्या शरीरातील वाहकाचे प्रमाण दर दोन तासांच्या आतच निम्मे होत जाते. मूत्रपिंड अशक्त असल्यास तो साचत राहतो. म्हणून या औषधांच्या माहितीपत्रकांत मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांसाठी इशारे आले. ही बंधने औषधामुळे नव्हे, तर वाहनामुळे आली होती.

यजमान हेच औषध :

यापुढील टप्प्यात वाहक स्वतःच औषध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी रोक्युरोनियम दिले जाते. स्कॉटलंडमधील ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम व सहकाऱ्यांनी गॅमा वलयास आठ ऋणभारित भुजा जोडून सुगॅमाडेक्स तयार केले. ते रक्तातील रोक्युरोनियमला पोकळीत पकडते व मूत्रावाटे बाहेर नेते. २००८ साली युरोपात त्यास मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र अतिसंवेदनशीलतेच्या प्रतिक्रियांविषयी शंका उपस्थित झाल्याने ती डिसेंबर २०१५ पर्यंत लांबली. निरोगी स्वयंसेवकांवरील एका अभ्यासात १६ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मोठ्या मात्रेवर २९९ पैकी एकास तीव्र प्रतिक्रिया आली होती.

सुगॅमाडेक्सचा अर्धायुकाल निरोगी व्यक्तीत सुमारे २ तास, तर तीव्र मूत्रपिंडविकारात सुमारे १९ तास असतो. याशिवाय ते स्त्रीसंप्रेरकासारख्या रेणूंनाही बांधू शकते. म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी त्यानंतर सात दिवस अन्य साधन वापरावे, असा सल्ला दिला जातो. यजमान ज्या अतिथीसाठी घडविला, त्याच अतिथीस तो घेईल असे नाही, हे येथे स्पष्ट होते.

भोपळ्याच्या आकारावरून नाव मिळालेले कुकुरबिट्युरिल रेणू याच दिशेने पुढे येत आहेत. १९०५ साली बेरेंट यांनी प्रथम तयार केलेल्या या पदार्थाची रचना १९८१ साली निश्चित झाली. २००० च्या सुमारास कोरियातील किमून किम यांच्या गटाने त्याची निरनिराळ्या आकाराची वलये वेगळी केली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ज्योतिर्मयी मोहंती, अचिकनाथ भासिकुट्टन, हरिदास पाल व जर्मनीतील सहकारी यांनी २००६ साली न्यूट्रल रेड या रंगद्रव्यावर केलेल्या अभ्यासात कुकुरबिट्युरिल व बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यांची तुलना केली. एकच अतिथी दोन यजमानांच्या पोकळीत परस्परविरुद्ध रीतीने वागतो, असे त्यातून दिसले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील चाचण्यांत सात घटकांच्या कुकुरबिट्युरिलची शिरेवाटे सहन होणारी कमाल मात्रा २५० मिलिग्रॅम प्रतिकिलो आढळली. हे निष्कर्ष आशादायक असले तरी उंदरापासून रुग्णापर्यंतचे अंतर किती असते, हे सायक्लोडेक्स्ट्रिनच्या इतिहासाने दाखविलेच आहे.

साथीचा काळ :

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास २०२०-२१ च्या घटनांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. जून २०२० मध्ये भारतात रेमडेसिव्हिरच्या मर्यादित आणीबाणीतील वापरास परवानगी मिळाली व मुंबईची सिप्ला आणि हैदराबादची हेटेरो या कंपन्यांनी परवान्याखाली त्याचे उत्पादन सुरू केले. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील कोविड रुग्णांस हे औषध देऊ नये, अशी सशर्त शिफारस केली; २०२२ साली सौम्य आजाराच्या परंतु अधिक धोका असलेल्या रुग्णांपुरती ती बदलली. दुसऱ्या लाटेत मात्र या औषधाची मागणी पुराव्याच्या मर्यादा ओलांडून गेली होती.

मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी असलेल्या रुग्णांस ते देऊ नये, अशी सूचना प्रारंभी होती. तिच्यामागे वाहक साचण्याची भीती हे एक प्रमुख कारण होते. युरोपीय औषध नियामकांच्या आढाव्यानुसार या वाहकाची कमाल मात्रा दररोज २५० मिलिग्रॅम प्रतिकिलो मानली जाते. ५० किलो वजनाच्या रुग्णास ती १२.५ ग्रॅम होते. भुकटीच्या दोन कुप्यांतून पहिल्या दिवशी ६ ग्रॅम वाहक जातो. मूळ उत्पादनाच्या द्रावणरूपातील कुपीत मात्र तो दुप्पट, म्हणजे ६ ग्रॅम असतो. अशा दोन कुप्यांतून १२ ग्रॅम वाहक जातो. औषध तेच, मात्रा तीच. पण वाहकाच्या दृष्टीने एक कुपी मर्यादेच्या निम्म्यावर, तर दुसरी मर्यादेच्या काठावर.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. त्यांपैकी अनेकांस मधुमेह होता, म्हणजेच मूत्रपिंड आधीच दुबळे असण्याची शक्यता होती. ॲम्फोटेरिसिन-बी स्वतःच मूत्रपिंडास अपायकारक आहे, तर पर्यायी पोसॅकोनॅझोलच्या इंजेक्शनमध्ये हाच सल्फोब्युटिल वाहक असतो. एकाच रुग्णाच्या उपचारात वाहकाची बेरीज करण्याची गरज अशा वेळी निर्माण होते.

पुढील अभ्यासांनी भीती बरीच कमी केली. अल्प काळासाठी दिलेला हा वाहक अशक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांसही अपेक्षेपेक्षा अधिक सहन होतो, असे दिसून आले. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी डायलिसिसवरील रुग्णांसह सर्व मूत्रपिंडविकारांत मात्रा न बदलता रेमडेसिव्हिर वापरण्यास मान्यता दिली. १९५७ ची भीती जशी तपासाअंती मर्यादित झाली तशीच २०२० चीही झाली. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यात खाटेवर असलेल्या रुग्णास हे ज्ञान उपलब्ध नव्हते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे म्हणून औषध नाकारले गेले आणि ज्यांना मूत्रपिंडाची तपासणी न करताच ते दिले गेले, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांची किंमत या अपुऱ्या ज्ञानाशी निगडित होती.

स्थानिक संशोधनासाठी अर्थ :

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे आणि हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या साहाय्याने त्याची विद्राव्यता किमान दहा हजार पटींनी वाढते, असे २००२ सालच्या एका अभ्यासात आढळले. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रकल्पांत विद्राव्यता वाढविणे हे लोकप्रिय उद्दिष्ट आहे. परंतु विद्राव्यतेचा आलेख चढला म्हणजे औषध तयार झाले असे नाही. वाहक कोणता, तो कोणत्या मार्गाने जाणार, किती जाणार आणि कोणत्या अवयवातून बाहेर पडणार, ही चार उत्तरे अशा प्रत्येक अहवालात असली पाहिजेत.

निष्कर्ष :

१) सायक्लोडेक्स्ट्रिन ‘साखरेचेच’ बनलेले आहे म्हणून निर्धोक, किंवा उंदीर मेले म्हणून विषारी, ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.
२) सुरक्षिततेविषयीचे ज्ञान संशयास्पद निरीक्षणे पुन्हा तपासल्याने व अपायाचे कारण शोधून रेणूत बदल केल्याने वाढले आहे.
३) शिरेवाटे दिलेल्या वाहकाचा हिशेब मुख्यतः मूत्रपिंडात चुकता होतो. म्हणून रुग्णाच्या नोंदपत्रकावर औषधाच्या मात्रेबरोबर वाहकाची मात्राही लिहिली जाणे इष्ट ठरते.
४) साथीच्या काळातील औषधांचा इतिहास लिहिताना तुटवडा, किंमत व काळा बाजार यांबरोबरच कुपीतील सर्व घटकांची नोंद घेतली पाहिजे. १९८६ च्या मुंबईने आणि २०२१ च्या कोल्हापूरने, दोन अगदी भिन्न मार्गांनी, ही आवश्यकता अधोरेखित केली आहे.